कापडी हत्तीची वंशावळ



‘स्टफ्ड ॲनिमल’ला मराठीत काय म्हणायचं, इथूनच अडचण सुरू होते. पेंढा भरलेला प्राणी म्हणावं, तर डोळ्यांपुढे येतो तो संस्थानिकांच्या दिवाणखान्यातला काचेच्या डोळ्यांचा वाघ. आधी मारलेला, मग सोललेला आणि मग भरलेला. ज्या घरात मुंगी दिसली की पाय अलगद बाजूला ठेवायला शिकवतात, त्या घरात हा शब्द कसा चालायचा? म्हणून मी आपलं ‘कापडी हत्ती’ म्हणते.

हल्ली हा हत्ती खोक्यातून येतो. सुनेनं मागवलेल्या खोक्यातून राखाडी फेल्टचे तुकडे, त्यावर फिकट रेषांनी उठवलेली वेलबुट्टी, सहा रंगांच्या दोऱ्याच्या लड्या, दोन सुया, भरायला पॉलिस्टरचा कापूस आणि टाक्यांची चित्रं असलेला कागद एवढं निघालं. टाके सगळे ओळखीचे. साखळी, देठ टाका, उलटी टीप, काज टाका, गाठीचा टाका. नावं तेवढी इंग्रजी. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे आधी हिशेब मांडला. तयार हत्ती लक्ष्मी रोडवर याच्या निम्म्या किमतीत मिळतो, आणि हा पुरा करायला रोजचे तास-दीड तास धरून मला बावीस दिवस लागले. धंदा म्हणून हा व्यवहार साफ तोट्याचा. घरातल्यांनी तसं ऐकवलंही. पण निम्मं काम दुसऱ्यानं करून द्यायचं आणि उरलेलं निम्मं आपण विकत घेऊन करायचं, ही पद्धत आली कुठून, याचं मला कुतूहल वाटायला लागलं.

खरं तर आपल्याकडे ती होतीच, ‘किट’ हा शब्द नव्हता एवढंच. तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडच्या बोळांत कापडावर डिझाईन उठवून देणारे असायचे ते आठवतात ना? टाचणीनं भोकं पाडलेला ट्रेसिंग पेपर कापडावर पसरायचा, रॉकेलमध्ये कालवलेली निळीची पूड बोळ्यानं त्यावरून फिरवायची, कागद उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांचा मोर. शेजारच्याच दुकानातून लड्या घ्यायच्या आणि घरी येऊन रिंग लावून बसायचं. चित्र दुसऱ्याचं, हात आपला. पाळण्यावर टांगायच्या चिमणाळ्यातल्या चिमण्या आणि राघू तर निव्वळ चिंध्यांतून व्हायचे. एकीनं कागदावर राघू बेतून ठेवला की तो कागद अख्ख्या वाड्यात फिरायचा. रुखवतात मांडलेले मण्यांचे हत्तीघोडे असेच एकीकडून दुसरीकडे नमुना जात जात तयार व्हायचे.

अख्खा प्राणी कापडावर छापून विकायची कल्पना मात्र अमेरिकेतली. न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे. तिथल्या सेलिया स्मिथ आणि चॅरिटी स्मिथ या नणंद-भावजयांनी घरच्या पट्टेवाल्या बोक्याचं चित्र काढलं, ते पुढून-मागून कापडावर छापता येईल असं बेतलं, आणि १८९२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या अरनॉल्ड प्रिंट वर्क्स या कापड छापणाऱ्या कारखान्यानं ते बाजारात आणलं. किंमत दहा सेंट. घरी न्यायचं, रेषेवर बेतायचं, शिवायचं आणि भरायचं. पहिल्याच नाताळात जवळजवळ दोन लाख बोके खपले म्हणतात. कारखान्याच्या बाजूनं बघा, किती हुशारीचा सौदा! शिलाईची मजुरी गिऱ्हाइकानं स्वतः करायची, तीही आनंदानं. आजच्या माझ्या खोक्याचा हिशेब अगदी हाच आहे.

हत्तीची गोष्ट त्याच्याही बारा वर्षं आधीची, जर्मनीतली. गिंगेन या लहान गावात १८४७ साली मार्गारेटे श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले, उजवा हातही अधू झाला. गावातल्या पोरांनी तिला हातगाडीत बसवून शाळेत न्यायचं. अशा मुलीचं पुढे काय होणार, ही घरच्यांची काळजी आपल्याला वेगळी सांगायला नको. ती शिवण शिकली. शिवणाच्या यंत्राचं चाक उजव्या हातानं फिरवता येईना, तर यंत्रच उलटं वळवून घेतलं आणि डाव्यानं फिरवलं. १८७७ मध्ये तिनं फेल्टच्या कपड्यांचं स्वतःचं दुकान काढलं. १८७९ च्या डिसेंबरात ‘मोडेनवेल्ट’ नावाच्या बायकांच्या मासिकात छोट्या हत्तीचा नमुना छापून आला होता. त्यावरून तिनं फेल्टचे हत्ती केले. म्हणजे आज जगभर खेळण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कारखान्याची पहिली वस्तूसुद्धा दुसऱ्याच्या नमुन्यावरूनच झाली होती! किट करणाऱ्या बाईला कुणी ‘यात तुझं काय?’ असं विचारलं, तर हे सांगावं. १८८० मध्ये तिचे आठ हत्ती विकले गेले, १८८६ मध्ये पाच हजारांच्या वर. माझ्यासारखीला हे दोन आकडे शेजारी ठेवून बघतच बसावंसं वाटतं.

ती गिंगेनला हत्ती शिवत होती त्याच दशकात आपल्या नारायण पेठेजवळ सुईवरून मोठा वाद पेटला होता. २९ सप्टेंबर १८८४ रोजी पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू झालं. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक ही त्यामागची मंडळी. ही शाळा पुढे पेशव्यांच्या खास घोड्यांच्या पागेच्या जागी आली, म्हणून हुजूरपागा. आपल्यातल्या कितीतरी जणी, त्यांच्या लेकी, नाती तिथे शिकल्या. या शाळेत मुलींना इंग्रजी, गणित शिकवतात आणि अकरा ते पाच डांबून ठेवतात, यावर त्या वेळी पुष्कळ टीका झाली. १८८६ साली नारायण बापूजी कानिटकरांनी शिकलेल्या मुलींची टर उडवणारं ‘तरुणीशिक्षणनाटिका’ हे नाटकच लिहिलं. १८८७ च्या सुमारास टिळकांनी वर्तमानपत्रातून या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना संसारात उपयोगी पडेल असं शिकवा, शिवणटिपण शिकवा, शाळेचे तास कमी करा, असा त्यांचा रोख होता. पुढे १९०५ साली टिळकांनी गायकवाड वाडा घेतला, तोच आपला केसरी वाडा. म्हणजे ती शाळा आणि तो वाडा दोन्ही आज एकाच पेठेत, पायी पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर. लोकमान्यांबद्दल आमच्या पेठेत कुणी वावगं बोलत नाही, मीही बोलणार नाही. पण भाजी आणायला निघाल्यावर या दोन दारांवरून जाताना मला त्या वादातली सुई आठवते. मुलीला इंग्रजी नको, सुई द्या, असं म्हणणारे त्या सुईचा मान वाढवत नव्हते. मुलीला गप्प बसवायची सोय म्हणून ते तिच्याकडे बघत होते.

पण रमाबाई रानड्यांनी त्याच सुईचं काय केलं बघा. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरात आल्या. नवरा इंग्रजी शिकवतो म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती टोमणे मारले, ते त्यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्याच रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे शिक्षिका घडल्या, नर्सा घडल्या, आणि शिवण-भरतकामाचे वर्गही चालले. ज्या विधवेला, टाकलेल्या बाईला कुणाचा आधार नाही तिला स्वतःचे चार पैसे मिळावेत म्हणून. आपल्या समाजातही त्याच सुमारास हे घडत होतं. मुंबईच्या शेठ माणिकचंद हिराचंद झवेरींच्या कन्या मगनबाई लहान वयात विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं, आणि त्यांनी श्राविकाश्रम काढला. पुढे सोलापूरचा श्राविकाश्रम पंडिता सुमतीबाई शहांनी केवढा वाढवला! या आश्रमांत धर्मग्रंथांच्या अभ्यासाबरोबर बायकांना शिवणकाम येऊ लागलं. माझ्या सासूबाईंच्या एक मावशी अशाच आश्रमातून शिकून आल्या होत्या. त्या झबली शिवून विकायच्या आणि मुनींच्या आहाराला लागणारा खर्च कुणाकडे हात न पसरता स्वतः करायच्या. त्यांना ‘रिकामपणचा उद्योग’ म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

आता पुन्हा हत्तीकडे. एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. मार्गारेटेचा तो पहिला हत्ती खेळणं नव्हताच. ती टाचण्यांची उशी होती. शिवताना टाचण्या टोचून ठेवायला हत्तीची पाठ! पोरांनी मात्र ती उशी उचलली आणि हत्तीला उराशी धरलं. मग तो खेळणं झाला.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो यशोधर राजाचा पिठाचा कोंबडा. कथा आपल्याला माहीत आहे, तरी तरुण मुलींसाठी थोडक्यात सांगते. उज्जैनच्या यशोधर राजाला अशुभ स्वप्न पडलं. त्याची आई चंद्रमती म्हणाली, देवीला पशूचा बळी दे. राजा तयार होईना. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा केला आणि तो देवीपुढे कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरीही त्या एका संकल्पापायी माय-लेकांना मोर, कुत्रा अशा पशुपक्ष्यांच्या योनींतून जन्मोजन्म भटकावं लागलं. सोमदेवसूरींनी ९५९ साली संस्कृतात ‘यशस्तिलक’ लिहिलं, जन्न कवीनं १२०९ मध्ये कानडीत ‘यशोधरचरिते’ लिहिलं. हजार वर्षं ही कथा वेगवेगळ्या भाषांत सांगितली जाते आहे, कारण तिच्यातला प्रश्न अवघड आहे. पिठाच्या कोंबड्याला जीव नव्हता, मग पाप कसलं? आपल्या शास्त्राचं उत्तर स्पष्ट आहे. ‘मी मारतो’ हा भाव मनात होता. ती संकल्पी हिंसाच.

आपल्या घरांतले कितीतरी नेम इथूनच आले असणार. दसऱ्याला कोहळा फोडत नाहीत. साखरेचे हत्तीघोडे मुलांना देत नाहीत, आणि चुकून कुणी दिलेच तर ‘घोड्याचं डोकं खाल्लं’ असं बोलू देत नाहीत. वाढदिवसाला सशाच्या आकाराचा केक आला तेव्हा आमच्या घरी कुणी सुरी लावायला तयार होईना, हे मागे एकदा लिहिलंच होतं.

मग कापडी हत्तीचं काय? त्याच्या अंगात तर बावीस दिवस सुई जाते-येते. हा प्रश्न मला मंदिरात एका मैत्रिणीनं अगदी गंभीरपणे विचारला आणि मला तो हसण्यावारी न्यावासा वाटला नाही. मला वाटतं, याचं उत्तरही त्याच कथेत आहे. भावाला किंमत आहे म्हणून पिठाचा कोंबडा कापणं पाप ठरलं, तर त्याच न्यायानं हत्ती घडवण्याचा, तो एका बाळाच्या कुशीत द्यायचा भावही जमेच्या बाजूला मांडायला हवा. एकाच बाजूच्या नोंदी करून ताळेबंद कसा जुळेल? आपल्या भाषेनंही सोय करून ठेवली आहे. कापड आपण ‘बेततो’. म्हणून मी ‘हत्ती कापला’ असं कधी म्हणत नाही, हत्ती बेतला म्हणते. गुजराती मैत्रिणी भाजी ‘समारतात’, तसंच हे. टाचण्यांची उशी मात्र मी हत्तीची करणार नाही. माझी भोपळ्याच्या आकाराची आहे.

कापडी अस्वलाबद्दलही सांगायला हवं, कारण नातवंडांच्या पुस्तकांत ती गोष्ट दयेची म्हणून येते. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले. त्यांना अस्वल मिळेना म्हणून बरोबरच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधलं. रूझवेल्ट म्हणाले, बांधलेल्या जनावरावर मी गोळी झाडणार नाही. बेरीमन नावाच्या व्यंगचित्रकारानं ते चित्र काढलं, ब्रुकलिनच्या मिचटम दांपत्यानं कापडी अस्वल करून त्याला ‘टेडी’चं नाव दिलं. त्याच सुमारास मार्गारेटेच्या पुतण्यानंही हलत्या हातापायांचं अस्वल बेतलं, आणि टेडी बेअर जगभर गेला. पुस्तकांत गोष्ट इथेच संपते. पुढचं असं, की ते अस्वल आधीच फार जखमी झालं होतं आणि रूझवेल्टनी त्याला यातनांतून सोडवा असं सांगितलं. ते सुऱ्यानं मारलं गेलं. शिकारीचा नियम पाळला गेला, अस्वल वाचलं नाही. आपण अभयदान म्हणतो ते हे नव्हे. नातीला मी टेडी दिला, पण गोष्ट पुरी सांगितली. ती आठ वर्षांची आहे, तिला कळली.

खोक्यातलं सामान मी बारकाईनं बघितलं तेही यामुळेच. भरतकामाच्या दोऱ्याला आपण सवयीनं ‘रेशीम’ म्हणतो, ‘दोन लड्या रेशीम आण’. पण दुकानात मिळतं ते बहुतेक सुती असतं. या चकाकत्या सुताची हकिकत आपल्याला फार जवळची वाटावी. लँकेशरच्या जॉन मर्सर नावाच्या गृहस्थानं १८५० साली सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करायचं पेटंट घेतलं. पुढे १८९० मध्ये होरेस लो यानं ती प्रक्रिया करताना सूत ताणून धरलं आणि सुताला रेशमासारखी झळाळी आली. खऱ्या रेशमासाठी किड्यांसकट हजारो कोश उकळत्या पाण्यात घालतात, हे आपण सगळ्या जाणतो. ती झळाळी त्या किड्यांवाचून मिळायला लागली, हा मोठा उपकारच म्हणायचा. तरी किट घेताना वेष्टन वाचा. काही महागड्या किटमध्ये खरं रेशीम असतं, काही फेल्ट लोकरीचं असतं, काही साधं कृत्रिम धाग्याचं. लोकर मेंढीची कातरून घेतात, तिला मारून नाही, म्हणून काही जणींना चालते, काही जणींना तीही नको असते. ज्याचं त्याचं व्रत. भरायला सावरीचा कापूस मऊ असतो, पण त्यात जीव पडतात असा माझा अनुभव आहे. पिंजारी दारावर येऊन कापूस पिंजून देत असे ते दिवस गेले. आता गादीच्या दुकानातून स्वच्छ कापूस आणावा आणि उन्हं देऊन मगच भरावा.

आणि हत्तीच का, असं विचाराल, तर आपल्या भरतकामात हत्ती पहिल्या रांगेत आहे. गुरुवार पेठेत गोडीजी पार्श्वनाथांच्या मंदिरात गेलात, किंवा कुणाच्या उजमण्याला गेलात, तर जरीनं भरलेले चंदरवे आणि पुठिये नीट बघा. त्रिशलामातेच्या स्वप्नांच्या पटावर पहिला असतो हत्ती, शुभ्र, चार दातांचा. अजितनाथ भगवानांचं लांछनही हत्तीच. पण माझ्या मनात होता तो मेघकुमाराचा हत्ती. ‘ज्ञाताधर्मकथे’तली गोष्ट आहे. वणवा पेटला तेव्हा हत्तीनं आधीच झाडंझुडपं उपटून मोकळं केलेल्या रिंगणात रानातले सगळे प्राणी दाटीवाटीनं येऊन उभे राहिले. अंग खाजवायला हत्तीनं पाय उचलला, तेवढ्यात त्या मोकळ्या जागी एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवला तर ससा मरेल. हत्तीनं अडीच दिवस पाय उचललेलाच ठेवला. वणवा विझला, ससा गेला, हत्तीचा पाय आखडला होता, तो कोसळला आणि मेला. तोच पुढे श्रेणिक राजाचा मुलगा मेघकुमार झाला. दीक्षेच्या पहिल्याच रात्री येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंचे पाय लागून झोप मोडली, म्हणून तो घरी परतायचं मनात आणू लागला, तेव्हा महावीर भगवानांनी त्याला हा मागचा जन्म सांगितला.

खोक्यातल्या नमुन्यात हत्तीचे चारही पाय जमिनीवर होते. मी पुढचा उजवा पाय वेगळा बेतला. गुडघ्याशी आतल्या बाजूनं एक चिमटा घेतला, पाय घट्ट भरला आणि काज टाक्यानं खांद्याला जोडला. तारेची गरज पडत नाही. उरलेले तीन पाय जरा जास्त गच्च भरले की हत्ती पडत नाही, मात्र पोटात कापूस सैल ठेवावा. डोळ्यांना मणी किंवा बटण न लावता गाठीच्या टाक्यानं भरावेत, म्हणजे लहान मूल ते ओढून गिळणार नाही. पायाखालचा ससा अंगठ्याएवढा होतो, त्यामुळे घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल तर तो हत्तीच्या पायालाच पक्का शिवून टाका. सशाच्या कानांना फेल्ट जाड पडतं, तिथे जुन्या मलमलीचा दुहेरी तुकडा चांगला. पायाचा आणि सशाचा बेतलेला कागद मी पाकिटात घालून ठेवला आहे, मंदिरात भेटाल तेव्हा मागून घ्या.